गॅमा-किरण स्फोटांचा ठावठिकाणा

९ ऑक्टोबर २०२२ हा आश्विन पौर्णिमेचा दिवस होता. संध्याकाळचे ६ वाजून ४७ मिनिटे झाली होती. महाराष्ट्रात नुकताच सूर्य मावळला होता, पूर्वेला पूर्ण चंद्र वर येत होता आणि घरोघरी कोजागिरीच्या दुधाची तयारी चालली होती. नेमक्या त्या घटकेला, जवळजवळ आपल्या माथ्यावरून, गॅमा-किरणांची एक लाट पृथ्वीवर येऊन पोहोचली. मानवाने उपकरणांच्या साहाय्याने आजवर नोंदलेला तो सर्वांत प्रखर गॅमा-किरण स्फोट होय. जमिनीवर कोणालाही काही जाणवले नाही, कारण वातावरणाने ते किरण वरच्या वर शोषून घेतले. आयनांबरात मात्र खळबळ उडाली आणि अवकाशातील काही उपग्रहांचे शोधक त्या माऱ्याने क्षणभर अक्षरशः दिपून गेले.

तो प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षे प्रवास करून आला होता. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्म जीवांखेरीज दुसरी जीवसृष्टी नव्हती. परंतु हे आपल्याला कळले कसे? काही मिनिटांत ओसरून जाणाऱ्या अदृश्य किरणांचा उगम अमुकच ठिकाणी आहे, असे शास्त्रज्ञ कोणत्या आधारावर सांगतात? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. गॅमा-किरण स्फोटांच्या अभ्यासात ‘हे काय आहे?’ या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ तीस वर्षे मिळाले नाही, कारण ‘हे कुठे आहे?’ हा त्याहून साधा वाटणारा प्रश्न सुटत नव्हता. तो कसा सुटला, याची कथा प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावी अशी आहे.

गॅमा-किरण आणि त्यांची अडचण

आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश, क्ष-किरण, रेडिओ लहरी आणि गॅमा-किरण ही एकाच कुळातील भावंडे आहेत. त्यांच्यात फरक आहे तो ऊर्जेचा. दृश्य प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. गॅमा-किरणांच्या एका फोटॉनची ऊर्जा लाखो इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असते.

या प्रचंड ऊर्जेमुळे दोन अडचणी उद्भवतात. पहिली अशी, की हे किरण वातावरण भेदून जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. ही गोष्ट जीवसृष्टीच्या दृष्टीने उपकारक असली, तरी निरीक्षणासाठी अवकाशात जाणे भाग पडते. दुसरी अडचण अधिक बिकट आहे. साध्या दुर्बिणीत आरसा किंवा भिंग प्रकाश गोळा करून एका बिंदूवर आणते आणि त्यातून प्रतिमा तयार होते. गॅमा-किरण आरशावरून परावर्तित होत नाहीत. ते त्यात शिरतात, शोषले जातात किंवा आरपार जातात. त्यामुळे साध्या गॅमा-शोधकाला ‘आता काहीतरी आले’ एवढेच सांगता येते. ते कोणत्या दिशेने आले, हे त्याला एकट्याला नीट सांगता येत नाही.

पहारेकरी उपग्रह

या शोधाची सुरुवात खगोलशास्त्रातून झाली नाही, ती अण्वस्त्रांच्या भीतीतून झाली. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याच्या करारावर सह्या केल्या. करार पाळला जातो की नाही, यावर पहारा ठेवण्यासाठी अमेरिकेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून ‘वेला’ या नावाचे उपग्रह जोडीजोडीने सोडण्यास प्रारंभ केला. पृथ्वीपासून एक लाख किलोमीटरहून अधिक उंचीवर, एकमेकांच्या समोरासमोरच्या बाजूंना राहून ते फिरत असत. अवकाशात कोणी चोरून अणुस्फोट केलाच, तर त्यातून निघणारे गॅमा-किरण त्यांनी टिपावेत, अशी योजना होती.

२ जुलै १९६७ रोजी या उपग्रहांनी गॅमा-किरणांचा एक झोत नोंदवला. त्याचा चढ-उतार अणुबॉम्बच्या स्फोटासारखा नव्हता. लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत रे क्लेबसॅडेल आणि रॉय ओल्सन यांनी जुन्या नोंदी ताडून पाहताना १९६९ मध्ये तो हुडकून काढला. त्यांनी घाईने निष्कर्ष काढला नाही. अधिक चांगले उपग्रह वर जाईपर्यंत आणि आणखी नोंदी हाती येईपर्यंत ते थांबले. १९७३ मध्ये इयान स्ट्राँग यांच्यासह त्यांनी जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात जुलै १९६९ ते जुलै १९७२ या काळातील १६ स्फोटांची नोंद होती. त्या निबंधातील सर्वांत महत्त्वाचे विधान हे होते, की या झोतांचा उगम पृथ्वी नव्हे आणि सूर्यही नव्हे.

ज्यांना दिशा कळत नाही, अशा शोधकांच्या आधारे एवढे खात्रीचे विधान करणे कसे शक्य झाले?

दोन कान, दोन उपग्रह

रात्री वसतिगृहातील दिवे मालवल्यानंतर कोठेतरी भांडे पडल्याचा आवाज आला, तर अंधारातही आपण त्या दिशेला मान वळवतो. आवाज उजवीकडून आला असेल, तर तो उजव्या कानाला किंचित आधी आणि डाव्या कानाला किंचित नंतर ऐकू येतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. तरीही मेंदू त्यावरून दिशा ठरवतो.

वेला उपग्रहांच्या नोंदींवर हीच युक्ती वापरण्यात आली. समजा, दोन उपग्रहांमधील अंतर २,४०,००० किलोमीटर आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे ३,००,००० किलोमीटर धावतो. म्हणजे एका उपग्रहापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास त्याला ०.८ सेकंद लागतात. आता एखादा झोत पहिल्या उपग्रहावर पोहोचल्यानंतर ०.४ सेकंदाने दुसऱ्यावर पोहोचला, असे मानू. एवढ्या वेळात प्रकाशाने १,२०,००० किलोमीटर अंतर कापले. हे अंतर उपग्रहांमधील अंतराच्या निम्मे आहे. ज्या कोनाची कोज्या ०.५ असते, तो कोन ६० अंशांचा. म्हणून दोन उपग्रहांना जोडणाऱ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या दिशेने झोत आला, असे सिद्ध होते. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडचे यात काही नाही.

अर्थात, रेषेशी ६० अंशांचा कोन करणारी दिशा एकच नसते. अशा सर्व दिशा मिळून आकाशात एक वर्तुळ तयार होते. तिसरा उपग्रह असेल तर दुसरे वर्तुळ मिळते आणि दोन वर्तुळे दोन ठिकाणी एकमेकांना छेदतात. त्या दोहोंपैकी खरे ठिकाण कोणते, हे चौथ्या उपग्रहावरून ठरवता येते. किंवा एखाद्या उपग्रहाच्या दृष्टीने त्यांपैकी एक ठिकाण पृथ्वीआड असेल, तर त्यावरूनही ठरते. अशा रीतीने वेळेच्या फरकावरून दिशा काढण्यात आली आणि त्या दिशांना सूर्यही नव्हता, पृथ्वीही नव्हती.

अचूक असेल तर उशिरा, तत्पर असेल तर अंदाजे

या पद्धतीची अचूकता मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असते: घड्याळाची सूक्ष्मता आणि उपग्रहांमधील अंतर. वरील उदाहरणात वेळ मोजण्यात ०.०५ सेकंदाची चूक झाली, तर दिशा सुमारे ४ अंशांनी चुकते. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, हे ध्यानात घेता ही चूक फार मोठी आहे. ४ अंश त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे अडीचशे चंद्रबिंबे मावतील आणि मोठ्या दुर्बिणीतून पाहिल्यास तेवढ्या भागात अगणित तारे व दीर्घिका दिसतील. त्यांतील नेमका गुन्हेगार कोण, हे सांगावे कसे?

उपाय एकच होता. दोन कानांमधील अंतर वाढवणे. दुसरे उपकरण १५ कोटी किलोमीटर दूर असेल, तर तेवढ्याच ०.०५ सेकंदाच्या चुकीमुळे दिशा अंशाच्या दीडशेव्या भागाएवढीच चुकेल. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून शुक्राकडे व सूर्याकडे निघालेल्या अमेरिकन, सोव्हिएत आणि जर्मन यानांवर छोटे गॅमा-शोधक बसवण्यात आले आणि त्यांच्या नोंदी एकत्र करणारे ‘आंतरग्रहीय जाळे’ उभे राहिले. शीतयुद्धाच्या ऐन काळात परस्परविरोधी राष्ट्रांच्या यानांनी टिपलेल्या वेळा एकाच गणितात मांडल्या गेल्या, ही गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. एकट्याच्या नोंदीला अर्थ नव्हता, म्हणून सहकार्य अटळ होते.

परंतु येथे नवी अडचण आली. दूरच्या यानाकडील नोंदी मिळवून त्या ताडून पाहण्यात दिवसच्या दिवस जात. तोपर्यंत त्या ठिकाणी पाहण्यासारखे काही उरत नसे.

५ एप्रिल १९९१ रोजी नासाने ‘कॉम्प्टन’ ही गॅमा-किरण वेधशाळा अवकाशात पाठवली. तिच्या आठ कोपऱ्यांवर ‘बॅटसे’ या उपकरणाचे आठ शोधक बसवलेले होते. ज्या शोधकाचे तोंड स्रोताकडे असेल, त्याच्यावर अधिक किरण पडतात. पाठमोऱ्यावर कमी पडतात. या तुलनेवरून दिशेचा अंदाज तत्काळ मिळत असे, पण चूक काही अंशांची राही. म्हणजे अचूक उत्तर उशिरा मिळे आणि तत्पर उत्तर अंदाजे असे. दोन्ही गुण एकत्र आल्याखेरीज कोडे सुटणार नव्हते.

तरीही बॅटसेने एक मोलाचे काम केले. नऊ वर्षांत त्याने २७०४ स्फोट नोंदवले. त्यांची ठिकाणे आकाशाच्या नकाशावर मांडली, तेव्हा ती सर्वत्र सारखी विखुरलेली आढळली. हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या तबकडीतील ताऱ्यांवर होत असते, तर आकाशगंगेच्या पट्ट्यात त्यांची गर्दी दिसली असती. तशी गर्दी कोठेच नव्हती. बॅटसेच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. स्फोटांचे दोन वर्ग पडतात. दोन सेकंदांहून कमी काळ टिकणारे लघुस्फोट आणि त्याहून अधिक काळ टिकणारे दीर्घस्फोट.

तोपर्यंत स्फोटांचे स्पष्टीकरण देणारे शंभराहून अधिक सिद्धान्त मांडले गेले होते. एप्रिल १९९५ मध्ये वॉशिंग्टन येथे या विषयावर जाहीर वाद झाला. हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर होतात, ही बाजू बोहदान पाचिन्स्की यांनी मांडली. ते आपल्याच आकाशगंगेभोवतीच्या विस्तीर्ण प्रभामंडळात होतात, असे डॉनल्ड लॅम्ब यांचे म्हणणे होते. मार्टिन रीस अध्यक्षस्थानी होते. दोन्ही बाजूंचे विद्वान थोर होते, युक्तिवाद बिनतोड होते; तरीही निकाल लागला नाही. कारण नेमके ठिकाण आणि अंतर सांगणारे एकही निरीक्षण कोणापाशी नव्हते. पुरावा नसेल तेथे विद्वत्तेने निकाल लागत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कवडशाची युक्ती

आपल्यापैकी अनेकांचे बालपण कौलारू घरांत गेले असेल. कौलांच्या फटीतून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो आणि सूर्य जसजसा सरकतो, तसतसा तोही सरकतो. कौलातील छिद्र कोठे आहे आणि कवडसा कोठे पडला आहे, हे ठाऊक असेल, तर सूर्याकडे न पाहताही तो कोणत्या दिशेला आहे ते सांगता येते. येथे आरसा लागत नाही, भिंगही लागत नाही. लागतो तो एक आडोसा आणि त्यातील छिद्र.

क्ष-किरण व गॅमा-किरण आरशाला जुमानत नसले, तरी शिशासारख्या जड धातूचा तुकडा त्यांतील पुष्कळांना अडवतो. एकच छिद्र ठेवले तर फार थोडे किरण आत येतील, म्हणून हजारो छिद्रांची जाळी करतात. या जाळीत बंद व उघडी जागा विशिष्ट क्रमाने ठेवलेली असते. एखाद्या दिशेने किरण आले, की जाळीची सावली खालच्या शोधकावर पडते. दिशा बदलली की सावली सरकते. कोणती सावली किती सरकली, हे संगणक काही सेकंदांत ओळखतो. या साधनाला सांकेतिक जाळी म्हणता येईल.

अशा जाळीचे कॅमेरे असलेला ‘बेप्पोसॅक्स’ हा इटली व नेदरलँड्स यांचा उपग्रह ३० एप्रिल १९९६ रोजी अवकाशात गेला. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ ज्युसेप्पे ओक्यालिनी यांचे ‘बेप्पो’ हे लाडके नाव त्याला देण्यात आले होते. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी त्याच्या कॅमेऱ्यात एक स्फोट टिपला गेला आणि त्याचे ठिकाण काही कलांपर्यंत निश्चित झाले. (एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला होतात.) उपग्रह चालवणाऱ्या चमूने आठ तासांच्या आत यानाची दुसरी, अधिक तीक्ष्ण क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली. तेथे एक क्षीण क्ष-किरण स्रोत होता आणि तो हळूहळू मावळत होता. स्फोट विझल्यावर मागे राहणाऱ्या या उजेडाला उत्तरदीप्ती म्हणतात. ती प्रथमच मानवाच्या दृष्टीस पडली.

त्याच रात्री ॲमस्टरडॅमच्या यान व्हॅन पॅराडाइस यांच्या गटाने ला पाल्मा बेटावरील विल्यम हर्शेल दुर्बिणीतून त्या भागाचे छायाचित्र मिळवले. या गटात पॉल ग्रूट आणि टायटस गालामा हे दोन संशोधक विद्यार्थी होते. काही दिवसांनी घेतलेल्या दुसऱ्या छायाचित्राशी तुलना केली, तेव्हा पहिल्यातील एक ठिपका दुसऱ्यात नाहीसा झालेला आढळला. स्फोटाचा पत्ता अखेर सापडला होता.

अंतराचा निकाल दहा आठवड्यांनी लागला. ८ मे १९९७ च्या स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा वर्णपट हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने घेतला. त्यातील रेषा लाल बाजूकडे जितक्या सरकल्या होत्या, त्यावरून तो प्रकाश किमान सात अब्ज वर्षांपूर्वी निघाला असल्याचे सिद्ध झाले. पाचिन्स्की यांचे म्हणणे खरे ठरले. एवढ्या अंतरावरून इतके प्रखर दिसणारे स्फोट किती शक्तिशाली असतील, याची कल्पना आता आली. सूर्य आपल्या दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, तेवढी ऊर्जा असा एखादा स्फोट काही सेकंदांत बाहेर टाकतो.

स्वतःहून मान वळवणारे यान

आता उरला होता तो वेग. आठ तासांऐवजी आठ मिनिटे, किंबहुना एक मिनिट लागले तर? नासाचे ‘स्विफ्ट’ हे यान २० नोव्हेंबर २००४ रोजी सोडण्यात आले, ते याच हेतूने. त्याच्या जाळीत शिशाचे सुमारे ५२,००० लहान चौकोनी तुकडे आहेत आणि खाली ३२,७६८ शोधक-घटक आहेत. स्फोट होताच यानावरील संगणक सावलीवरून ठिकाण काढतो आणि पृथ्वीवरील कोणाच्या आज्ञेची वाट न पाहता यान स्वतःच एक-दोन मिनिटांत तिकडे वळते. मग क्ष-किरण दुर्बीण काही विकलांपर्यंत आणि अतिनील व दृश्य प्रकाशाची दुर्बीण त्याहूनही सूक्ष्म ठिकाण सांगते. या मोहिमेचे प्रमुख नील गेहरेल्स २०१७ मध्ये निवर्तले. त्यानंतर यानाला त्यांचे नाव देण्यात आले.

ठिकाण मिळताच ते एका खुल्या संदेशजाळ्यावरून जगभर प्रसृत होते. पुण्यातील संशोधक असो, चिलीतील वेधशाळा असो किंवा आपल्या गच्चीवर दुर्बीण लावून बसलेला हौशी निरीक्षक असो, सर्वांना तो संदेश खुला असतो. या तत्परतेचे फळ लवकरच मिळाले. १९ मार्च २००८ रोजीच्या स्फोटाची दीप्ती सात अब्ज प्रकाशवर्षांहून अधिक अंतरावरून येऊनही काही सेकंद नुसत्या डोळ्यांना दिसू शकेल एवढी वाढली होती. २३ एप्रिल २००९ रोजी सापडलेला स्फोट विश्वाचे वय सुमारे ६३ कोटी वर्षे असताना झाला होता.

ठिकाणे कळू लागली, तसे स्वरूपही उलगडले. दीर्घस्फोटांच्या जागी काही दिवसांनी अतिनवतारा, म्हणजेच सुपरनोव्हा, उजळताना दिसू लागला. २९ मार्च २००३ च्या स्फोटाने याविषयी शंका उरू दिली नाही. सूर्याच्या अनेक पट वस्तुमानाचा तारा कोसळून कृष्णविवर जन्मते आणि त्या वेळी निघणारा अरुंद झोत आपल्या दिशेने असेल, तर आपल्याला गॅमा-किरण स्फोट दिसतो.

लघुस्फोटांचे मूळ १७ ऑगस्ट २०१७ रोजी निर्विवादपणे सापडले. त्या दिवशी अमेरिकेतील लायगो व इटलीतील व्हर्गो या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपल्या आणि १.७ सेकंदांनी ‘फर्मी’ उपग्रहाने एक लघुस्फोट नोंदवला. येथेही ठिकाण काढण्याची तऱ्हा तीच होती. लहरी वेगवेगळ्या वेधशाळांपाशी वेगवेगळ्या क्षणी पोहोचल्या. व्हर्गोमध्ये संकेत फारच क्षीण होता. याचा अर्थ, स्रोत तिला जवळजवळ न दिसणाऱ्या दिशेला होता. आणि या न दिसण्यानेच शोधाचे क्षेत्र आवळले गेले. सुमारे अकरा तासांत चिलीतील दुर्बिणीला एनजीसी ४९९३ या १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू सापडला. त्याच्या अभ्यासातून सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा मीलनांत घडतात, याचा सबळ पुरावा मिळाला.

निसर्ग आपल्या वर्गवारीत नेहमीच बसतो असे नाही. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट मिनिटभराच्या आसपास चालला, म्हणजे तो दीर्घ वर्गातला; तरी त्याची उत्तरदीप्ती न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची खूण दाखवत होती. या निरीक्षणात नैनितालजवळच्या देवस्थळ येथील ३.६ मीटरच्या भारतीय दुर्बिणीचाही वाटा होता.

भारताचा सहभाग

२८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून इस्रोने ‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची पहिली बहुतरंगलांबी अवकाश-वेधशाळा सोडली. तिच्यावरील कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या पदार्थाच्या शोधकांचे उपकरण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाले आणि त्याच्या नोंदींचे केंद्र पुण्यात आयुका येथे आहे. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे कामास लागल्याच्या पहिल्याच दिवशी, या उपकरणाने एक गॅमा-किरण स्फोट टिपला. अधिक ऊर्जेच्या किरणांना उपकरणाच्या बाजूच्या भिंती अडवू शकत नाहीत. हे वैगुण्य वाटेल. परंतु त्यामुळेच हे उपकरण आकाशाच्या फार मोठ्या भागावर पहारा ठेवू शकते. २०२२ पर्यंत त्याने पाचशे स्फोटांची संख्या गाठली होती.

ठिकाण आणि वेळ यांची सांगड किती जपून घालावी लागते, याचा धडा जानेवारी २०१७ मध्ये मिळाला. ४ जानेवारीला लायगोने दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या लहरी नोंदवल्या. त्या जेथून आल्या असाव्यात, त्याच विस्तृत भागात हवाई बेटांवरील एका सर्वेक्षणाला झपाट्याने मावळणारा प्रकाशबिंदू आढळला. कृष्णविवरांच्या मीलनातून प्रकाश निघाला, असे सिद्ध झाले असते तर तो मोठा शोध ठरला असता. ॲस्ट्रोसॅटच्या नोंदींत मात्र लहरी आल्या त्या क्षणी काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी, ५ जानेवारीला, एक स्वतंत्र गॅमा-किरण स्फोट होता. तो प्रकाशबिंदू त्या स्फोटाची उत्तरदीप्ती होता आणि लहरींशी त्याचा काहीही संबंध नव्हता, हे भारतीय संशोधकांनी आपल्या परदेशी सहकाऱ्यांसह दाखवून दिले. एक आकर्षक चूक वेळीच टळली. विज्ञानात असे कामही नव्या शोधाइतकेच मोलाचे असते.

याखेरीज लडाखमधील हानले येथील ०.७ मीटरची स्वयंचलित दुर्बीण आणि नारायणगावजवळ खोडद येथील ३० महाकाय तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उत्तरदीप्तीचा मागोवा घेत असतात.

पुन्हा कोजागिरीची संध्याकाळ

आरंभी सांगितलेल्या स्फोटाकडे आता परत येऊ. त्याचे नाव जीआरबी २२१००९ए. आकड्यांत वर्ष, महिना आणि दिवस दडलेले आहेत. ६ वाजून ४७ मिनिटांनी तो फर्मीने नोंदवला, पण त्या वेळी स्विफ्टला तो दिसत नव्हता. तासाभराच्या आत तो स्विफ्टच्या टप्प्यात आला आणि ठिकाण नेमके कळले. ते शर तारकासमूहात, आकाशगंगेच्या पट्ट्यानजीक होते. त्यामुळे हा आपल्याच आकाशगंगेतील एखादा नवा क्ष-किरण स्रोत असावा, असा प्रथम समज झाला आणि त्याला तसे नावही दिले गेले. पुढे फर्मीची वेळ आणि स्विफ्टचे ठिकाण ताडून पाहिले, तेव्हा दोन्ही घटना एकच असल्याचे उमगले. चिलीतील व्हेरी लार्ज टेलिस्कोपने घेतलेल्या वर्णपटावरून अंतर निघाले. जो शेजारी वाटला होता, तो दोन अब्ज वर्षांचा प्रवासी निघाला. दिशा कळली म्हणजे अंतर कळले असे होत नाही, हे पन्नास वर्षांच्या अनुभवानंतरही पुन्हा शिकावे लागले. मात्र या खेपेस समज दुरुस्त होण्यास वर्षे लागली नाहीत, एखादा दिवस पुरला. कारण नोंदी सर्वांसमोर खुल्या होत्या.

करून पाहण्याजोगे

विद्यार्थ्यांनी दोन प्रयोग अवश्य करावेत. पहिल्यासाठी मोकळ्या मैदानात एकमेकांपासून १७० मीटर अंतरावर दोघांनी उभे राहावे आणि दोघांच्या मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू करावे. दोन्ही फोन जवळ धरून आधी एक टाळी वाजवावी, म्हणजे घड्याळे जुळवता येतील. नंतर दूर अंतरावरून तिसऱ्याने ढोलावर एक टोला द्यावा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन मुद्रणांत पाव सेकंदाचा फरक आला, तर ढोल तुमच्या रेषेशी ६० अंशांचा कोन करतो. वेला उपग्रहांचे गणित ते हेच.

दुसऱ्या प्रयोगासाठी पुठ्ठ्याला अनियमित अंतरावर दहा-बारा छिद्रे पाडावीत आणि तो पांढऱ्या कागदाच्या १० सेंटिमीटर वर धरावा. दूरवरून टॉर्चचा प्रकाश पाडून कवडशांची जागा कागदावर रेखावी. टॉर्च बाजूला नेला, की सर्व कवडसे एकदम सरकतात. ते १ सेंटिमीटर सरकले, तर दिशा सुमारे ६ अंशांनी बदलली, असे समजावे. स्विफ्टचा संगणक दुसरे काय करतो?

समारोप

अणुबॉम्बवर पहारा ठेवण्यासाठी वर गेलेल्या यंत्रांनी माणसाला ताऱ्यांच्या मृत्यूची वार्ता आणून दिली. ती समजून घेण्यास तीस वर्षे लागली. त्या काळात बुद्धिमान माणसांची उणीव नव्हती आणि सिद्धान्तांचीही नव्हती. उणीव होती ती नेमक्या पत्त्याची. तो पत्ता एका देशाला, एका यानाला किंवा एका विद्वानाला मिळाला नाही. दूर दूर उभ्या असलेल्या अनेकांनी आपापली वेळ प्रामाणिकपणे नोंदवली, ती इतरांपुढे ठेवली आणि ज्यांना काही दिसले नाही, त्यांनी ‘आम्हांस दिसले नाही’ असेही नोंदवले, तेव्हा तो मिळाला.

या शाळेतून शिकून गेलेले आपण आज अनेक गावांत आणि शहरांत विखुरलेले आहोत. आपल्या मुलांनी किंवा शेजारच्या मुलांनी आकाशाकडे बोट दाखवून ‘ते काय आहे?’ असे विचारले, तर उत्तर ठाऊक असो वा नसो, त्यांना आधी ‘ते कुठे आहे, हे कसे मोजशील?’ असे विचारावे. पुढच्या कोजागिरीला चंद्र वर येत असताना एकदा माथ्यावरही नजर टाकावी. श्रवण नक्षत्राच्या तेजस्वी ताऱ्याच्या थोडे उत्तरेला शर हा छोटासा तारकासमूह असतो. तेथे आज डोळ्यांना दिसण्यासारखे काही उरलेले नाही. पण तेथून काय आले होते, केव्हा आले होते आणि किती दुरून आले होते, हे आता आपल्याला ठाऊक आहे.